सहभागी क्रमांक एक

८ ऑक्टोबर २०१८, सोमवार. दुपारी

नवी वही. फक्त माझ्यासाठी. कपाटात हिवाळी पायमोज्यांखाली ठेवणार. बत्तीस वर्षांत माझ्या बायकोनं, रुइछिननं, माझ्या कपाटात नाक खुपसलेलं नाही. मोजे धुऊन ठेवायला येते तेवढीच.

सकाळी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात डॉ. थान बाईंनी बोलावलं होतं. रुइछिनच्या पोटदुखीचे रिपोर्ट. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. ऑपरेशनची वेळ गेलेली. बाई म्हणाल्या, "चार महिने धरून चला, ओउयांगसाहेब." मी म्हटलं, "बरं." जिना उतरताना कठडा धरावा लागला. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या.

नशीब, आपल्याकडे असली गोष्ट पेशंटला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. घरचा मी. ठरवून टाकलं : रुइछिनला कळू द्यायचं नाही. पोटाला सूज आहे, पथ्यानं बरी होईल, बस्स. मला हे सहज जमेल. लोकांना न कळू देणं हाच तर माझा धंदा.

निघताना डॉ. थान म्हणाल्या, "त्यांच्या थोरल्या बहिणीला मी गेल्या महिन्यातच सगळं समजावलंय. फार शांत बाई. प्रश्न कागदावर लिहून आणले होते."

रुइछिनला बहीण नाही. एकुलती एक आहे. डॉक्टरांना दिवसाला साठ पेशंट, माणसं एकात एक मिसळतात. चूक दाखवून बाईंना कशाला लाजवा, म्हणून गप्प बसलो.

१० ऑक्टोबर, बुधवार

योजना तयार.

मी काम करतो त्या रुग्णालयात पोटाच्या काढ्याची ट्रायल चालू आहे, पण तिथं रुइछिनला घेता येत नाही. संमतीपत्रावर आजाराचं नाव असतं आणि खाली पेशंटची स्वतःची सही लागते. म्हणून घरीच ट्रायल. आजोबांचा नुस्खा, अकरा वनस्पती. आमच्या चांगशू गावाच्या पाण्याशिवाय औषधाला गुण येत नाही म्हणतात. आजोबांचा नुस्खा तर चांगशूतसुद्धा फक्त आमच्या घरात होता. नव्वद पुड्या बांधल्या. नव्वद दिवस.

रुइछिनला सांगायचं ते असं : साठीच्या निरोगी माणसांसाठी पोटाचं टॉनिक, त्याची चाचणी. खोटं बोलायचं तर व्यवस्थित, कागदोपत्री बोलावं. संमतीपत्र मी स्वतः टाइप केलं. सहभागी क्रमांक : एक. एकूण सहभागी : एक.

११ ऑक्टोबर, गुरुवार. दिवस १

सही मिळाली! तिनं चष्मा लावून तिन्ही पानं वाचली. मग विचारलं, "यात सहभागी माणसाला खरं सांगायचं बंधन असतं ना रे?" मी म्हटलं, असतं तर, कायदाच आहे. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सही केली. काय विश्वास आहे बाईचा माझ्यावर.

काढा मात्र स्वतः उकळणार म्हणते. "सत्तावीस वर्षं तुमच्या काढाघरात मी भट्टीपुढे उभी राहिले, म्हाताऱ्या. तू नुसता चमचा घेऊन यायचास नि नावं ठेवून जायचास. स्वयंपाकघरात पाय टाकू नकोस." ठीक. दर्जाची तपासणी माझ्याकडे. रोज सकाळी तिनं प्यायच्या आधी एक चमचा मी चाखणार.

माझ्या जिभेबद्दल इथं लिहिलं पाहिजे, कारण दुसरं कुणी लिहीत नाही. ट्रायलमध्ये निम्म्या पेशंटांना खरा काढा देतात, निम्म्यांना डमी. रंग, वास, कडूपणा सगळं तेच, औषध शून्य. पंचवीस वर्षं ही डमी मी बनवतो. पहिली डमी आमच्याच चुलीवर झाली होती. रुइछिननं तांदूळ करपवले, मी त्यात वाळलेल्या कारल्याची साल आणि जळकी साखर घातली, आणि एक्केचाळीस वेळा चाखून माप ठरवलं. आजवर एकाही पेशंटला ओळखता आलेली नाही. डॉक्टरांनाही नाही. खरं-खोटं ओळखणारी जीभ या गावात एकच.

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला नव्वद कार्डांचा गठ्ठा टांगला. रोज एक कार्ड. वेदना शून्य ते दहा, झोप, भूक, आणि खाली शेरा. नियम तिला पुन्हा समजावला : आकडा चुकला तर खोडायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, म्हणजे आधीचा आकडा वाचता येतो, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ती म्हणाली, "माहितेय रे बाबा, जन्म गेला तुझे नियम ऐकण्यात."

आजची वेदना : ७ लिहिलंय, त्यावर रेघ, शेजारी २, सही. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो तिचा.

काढा अस्सल. आजोबांची आठवण झाली.

१७ ऑक्टोबर, बुधवार. दिवस ७

वृद्धांचा सण. लेक शाओमान नानछांगहून आली. पोरीला जिन्यातच गाठून आजार सांगितला. रडली. मी बजावलं, आईसमोर असलं काही चालणार नाही, चेहरा सांभाळ, जरा अभिनय शीक माझ्याकडून.

मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, दार लावलं आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा दोघींचेही डोळे लाल. मी दचकलो. पण रुइछिन म्हणाली, मिरच्या परतत होतो. बरोबर आहे. आमच्याकडच्या मिरच्या परतल्या तर शेजारच्या इमारतीतली माणसं रडतात.

जेवणात मिरचीचा एकही पदार्थ नव्हता. बरणीत भरल्या असतील.

शाओमाननं जाताना मला मिठी मारली. आईला नाही, मला. पोरगी जरा गोंधळलेली वाटली.

२४ ऑक्टोबर, बुधवार. दिवस १४

वेदना २. झोप छान. भूक छान. सलग बारा दिवस २! असा सपाट आलेख मी आयुष्यात पाहिलेला नाही.

वजन अडीच किलो कमी. काटा आमच्या लग्नातला आहे, स्प्रिंग गेलेली. नवा आणायचा.

काढ्याचा चोथा ती रोज चौकात नेऊन टाकते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली आला की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं, ही जुनी पद्धत. माझा विश्वास नाही. मी संशोधनातला माणूस. पण टाकतेय तर टाकू दे. आज मागोमाग गेलो तर चोथ्यावर चिमण्यांचा थवा उतरलेला. टिपून टिपून खात होत्या. तीस वर्षांत चिमण्यांनी काढ्याचा चोथा खाल्लेला पाहिला नव्हता. आजोबांच्या औषधाचा गुण पाखरांनाही कळतो. शोधनिबंधात घ्यावं का? नको, लोक हसतील.

१ नोव्हेंबर, गुरुवार. दिवस २२

तांदूळ संपले. दहा किलोचं पोतं महिनाभर पुरायचं, ते वीस दिवसांत खलास. आणि घरात खाणारं कोण? ती चिमणीएवढं खाते, मी नेहमीइतकं. दुकानदार मापात मारतोय. उद्या जाऊन खडसावणार.

सकाळी पुन्हा स्वयंपाकघरातून करपल्याचा वास. पेज लागली असणार. या महिन्यात रोजच लागतेय. मी काही बोलत नाही. पेशंटचं मन सांभाळायचं असतं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानदारानं माझ्यासमोर पोतं काट्यावर ठेवलं. दहा किलो, वर चाळीस ग्रॅम. आजच्यापुरतं बरोबर दिलं असणार.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवस ३०

रुग्णालयात डमीच्या नव्या घाण्याची तपासणी. आठ कप. कुठला खरा, कुठला खोटा, ओळखायचं. माझे तीन बरोबर आले.

आकडेवारी बघणारी बाई म्हणाली, "नाणं उडवलं असतं तर चार आले असते." विभागप्रमुख गान यांनी मात्र सावरून घेतलं, "साहेबांनी डमी इतकी हुबेहूब केलीय की साहेबच फसले!" हे खरं कौतुक. शिवाय सकाळी मी तिखट शेवया खाऊन गेलो होतो, आणि खिडकी उघडी होती, आणि कप कागदाचे होते.

घरी येऊन रुइछिनला सांगितलं. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मग हसायला लागली, हसता हसता पोट धरून खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. हसणं चांगलं. हसण्यानं पोटाचे स्नायू मोकळे होतात.

कार्डावर वेदना २.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवस ३७

तिच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याजवळ, एक पट्टी दिसली. लहान, पारदर्शक. विचारलं तर म्हणाली, कंबर दुखतेय, लिआओ काकूंनी दिली. लिआओ काकू म्हणजे शेजारीण. तिच्याकडे सगळ्या दुखण्यांवर पट्टी असते. पण कंबरेची पट्टी खांद्यावर का? आणि वास कसलाच नाही. आमच्या काळी पट्टी लावली की गल्लीला कळायचं. हल्ली दर्जाच घसरलाय.

पुढचं लिहीत नाही. काही लिहिण्यासारखं नाहीच.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवस ४४

तब्येत झपाट्यानं सुधारतेय. पुरावा : बाई हुकूम सोडायला लागली. गेले चार दिवस मला पेज शिकवतेय. मी म्हटलं, तू असताना मी कशाला शिकू? म्हणाली, "माझे हात भरून येतात. ढवळ." स्वतः स्टुलावर बसून बघते. पाणी किती, आच किती, कधी ढवळायचं, कधी हात लावायचा नाही. माझी पहिली पेज बुडाला लागली. दुसरी उतू गेली. तिसऱ्या पेजेला ती म्हणाली, "म्हाताऱ्या, पंचवीस वर्षं तांदूळ करपवायचा पगार घेतलास, न करपवता येईना होय?"

सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात. मीठ. साखर. सोडा. मी काय मीठ आणि साखर ओळखत नाही? ही जीभ? (दुपारच्या चहात मीठ पडलं. चिठ्ठी उलटी चिकटली होती.)

काढ्याच्या वेळी मात्र मला हाकलते आणि दार लावून घेते.

१ डिसेंबर, शनिवार. दिवस ५२

मांस खारवायचे दिवस. दर वर्षी आमच्या गॅलरीत बारा पट्ट्या लटकतात. यंदा तिनं चारच लावल्या. म्हणाली, एवढं खारट बरं नाही तब्येतीला. माझ्या तब्येतीची तिला काळजी!

निळा कापसाचा कोट लिआओ काकूंना देऊन टाकला. ढगळ होतो म्हणे. लिआओ काकू कोट छातीशी धरून जिन्यातच उभ्या राहिल्या. कोट काही इतका भारी नव्हता.

वजन एक्केचाळीस. हा तिसरा काटा. तिन्ही काटे एकाच कारखान्याचे असावेत.

७ डिसेंबर, शुक्रवार. दिवस ५८

शोधनिबंधाचं शीर्षक ठरलं : "पारंपरिक घराण्यातील नुस्ख्याचा एका रुग्णावरील परिणाम." एप्रिलच्या संमेलनात वाचणार. रुइछिनला पहिल्या रांगेत बसवणार आणि मग सगळ्यांसमोर सांगणार, ही बघा ती. तोवर सांगायला हरकत नसेल. तोवर ती बरी असेल.

दुपारी जेवण झाल्यावर ती उन्हात बसली होती. अचानक विचारलं, "तुमच्या ट्रायलमधून एखादा मधेच गळाला तर त्याचे आकडे फेकून देता का रे?"

मी समजावलं. मुळीच नाही. जो एकदा आला तो आपला. त्याचे जितके दिवस मिळाले तितके धरायचे. गळाला म्हणून कुणाला यादीतून काढत नाहीत.

"मग बरंय," म्हणाली आणि डोळे मिटले.

तिला संशोधनात किती रस आहे. मला खूप आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं ते चहाची वाफ गेली म्हणून.

१३ डिसेंबर, गुरुवार. दिवस ६४

डोळे पिवळे. हिवाळ्यात उजेड तसा पडतो.

काढा उकळायला उभं राहवत नाही. मी म्हटलं, आजपासून मी उकळतो. इतकी जोरात "नाही" म्हणाली की मी चपापलो. काल रात्रीचाच थर्मासात भरून ठेवला होता तिनं. सहा दिवसांचा काढा आधीच तयार! शिस्त असावी तर अशी.

चमचा चाखला. अस्सल.

१७ डिसेंबर, सोमवार. दिवस ६८. इस्पितळातून

शनिवारी आणलं. रुइछिन बहुतेक वेळ झोपून असते. जाग आली की माझे हात बघते, जेवलास का विचारते.

मी कार्डाचा विषय काढला. म्हटलं, तीन दिवस राहिले भरायचे, आठवून सांग. म्हणाली, "भरलीत मी. घरी आहेत. तू काळजी नको करू."

व्हरांड्यात डॉ. थान भेटल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थोरली बहीण म्हणून आल्या होत्या त्या स्वतः रुइछिनबाईच होत्या, हे एव्हाना तुम्हाला सांगितलं असेल ना त्यांनी? मला पुढच्या तपासणीला कळलं. हात जोडून म्हणाल्या, 'मला ठाऊक आहे हे नवऱ्याला कळू देऊ नका. त्याला नाही सोसायचं.'"

मी म्हटलं, "हो हो, सांगितलंय." डॉक्टर दमलेल्या होत्या. त्यांच्याशी वाद कशाला.

१९ डिसेंबर, बुधवार

रुइछिन गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. शाओमानच्या हातात हात होता. मी गरम पाणी आणायला गेलो होतो.

आजचा डोस चुकला.

२७ डिसेंबर, गुरुवार

सातव्या दिवसाचे विधी झाले. शाओमान काल गेली. बाबा, चला माझ्याकडे, म्हणत होती. मी म्हटलं, ट्रायल अर्धवट आहे.

आज उरलेल्या पुड्या मोजायच्या म्हणून स्वयंपाकघरातली पेटी उघडली. नव्वदातून एकोणसत्तर गेल्या, एकवीस उरायला हव्यात.

नव्वद होत्या.

पुन्हा मोजल्या. नव्वद. सगळ्या मी बांधलेल्या, माझ्याच गाठी, क्रमानं लावलेल्या. एकही सुटलेली नाही. पेटीच्या कोपऱ्यात एक बरणी, आत वाळलेली कारल्याची साल. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. तेवढ्या एकाच बरणीवर नव्हती.

तिसऱ्यांदा मोजायला बसलो आणि मग थांबलो. तांदळाचं पोतं. रोजची करपलेली पेज. चिमण्या. रोज सकाळी एक चमचा मी चाखत होतो आणि वहीत अस्सल लिहीत होतो.

दुपारी नदीपलीकडे जाऊन डॉ. थानना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचा नुस्खा त्यांनी मला कागदावर दाखवला होता. त्यातल्या दोन वनस्पती त्यांच्या यकृताला झेपल्या नसत्या. घेऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, 'बघते, त्याचा हिरमोड होणार नाही असं काहीतरी करते.'"

म्हणजे पोटात कळा येत असताना ती रोज पहाटे उठायची, तांदूळ करपवायची, कारलं उकळायची, आणि माझ्यासमोर बसून तोंड वाकडं करत पूर्ण कप प्यायची. जेणेकरून मला वाटावं, मी तिला बरं करतोय.

मी फार्मासिस्ट आहे. दर तीन दिवसांनी बदलायची ती पट्टी कुठल्या दुखण्याची असते, हे मला कळलं नाही असं नाही. डोळे कशानं पिवळे होतात तेही कळतं. हे आज लिहितोय. आधी लिहायला हवं होतं. आधी तिच्याजवळ बसून म्हणायला हवं होतं, की रुइछिन, मला भीती वाटतेय. बहुतेक तिलाही वाटत होती. दोघांनी एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून सत्तर दिवस काढले.

संध्याकाळी खिळ्यावरचा कार्डांचा गठ्ठा काढला. ती शनिवारी इस्पितळात गेली त्या दिवशीचं कार्ड भरलेलं. त्यानंतरचंही. १९ तारखेचंही. २० तारखेचंही.

आयुष्यभर मी लोकांची कार्डं तपासली. मागाहून एका बैठकीत बसून भरलेले खोटे आकडे मला शाईवरून ओळखता येतात. पुढच्या तारखांची भरलेली कार्डं पहिल्यांदाच पाहिली.

२० तारीख. वेदना : ०. शेरा : "वही ज्या मोज्यांखाली लपवतोस ते मोजे आता घाल. थंडी पडली."

२१ तारीख. वेदना : ०. शेरा : "पेजेला आधी पाणी उकळू दे, मग तांदूळ. उलटं करतोस."

२४ तारीख. वेदना : ०. शेरा : "पोरीवर ओरडू नकोस. तिला मी गप्प बसवलं होतं."

आजपर्यंतची वाचली आणि गठ्ठा परत खिळ्याला लावला. पुढची पानं आधी उघडायची नाहीत. रोज एक कार्ड. नियम तो नियम.

मोजे घातले.

२ जानेवारी २०१९, बुधवार

शेरा : "गॅलरीतल्या मांसाच्या चार पट्ट्यांपैकी एक लिआओ काकूंना दे. कोट घालायची तिला लाज वाटत असेल, घाल म्हणून सांग."

दिली. सांगितलं. लिआओ काकू आत गेल्या आणि कोट घालून बाहेर आल्या. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. पाठीमागून कुणी पाहिलं असतं तर रुइछिनच वाटली असती. नाही, नसती वाटली. रुइछिनला शेवटी तो फार ढगळ होत होता.

५ जानेवारी, शनिवार

गान साहेब घरी आले होते. नव्या ट्रायलसाठी डमी हवीय. मी म्हटलं, माझी जीभ गेलीय. ते म्हणाले, छे, छे. मी म्हटलं, आठातले तीन. ते उठले. जाताना म्हणाले, "आम्हाला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं, साहेब. वहिनी येऊन सांगून गेल्या होत्या, त्याला म्हणू नका म्हणून."

७ जानेवारी, सोमवार

शेरा : "तांदूळ संपले असतील. पाच किलोचं पोतं आण. दहाचं नको, एकट्याला किडे होतात. आणि त्या दुकानदाराची माफी माग."

गेलो. मागितली. त्याला काही आठवत नव्हतं.

८ जानेवारी, मंगळवार. दिवस ९०

ट्रायल संपली. शोधनिबंध होणार नाही. सहभागी एकच होता आणि त्याला शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं. संमतीपत्रावरची सही तेवढी चुकीच्या माणसाची.

सकाळी पेज केली. आधी पाणी उकळलं, मग तांदूळ. कार्ड बघायला वळलो आणि तेवढ्यात लागली बुडाला. पेज वाटीत काढली, खाली करपलेल्यात कपभर पाणी घातलं, कारल्याची साल घातली, उकळलं, गाळलं. तिच्या कपातून प्यालो. पूर्ण. फार कडू असतं ते. पंचवीस वर्षांत मी चमच्याच्या वर कधी प्यालो नव्हतो.

चोथा चौकात नेऊन टाकला. चिमण्या आल्या.

नव्वदावं कार्ड. वेदना, झोप, भूक, सगळे रकाने मोकळे. फक्त शेऱ्यात तिचं अक्षर, आधीच्यापेक्षा हललेलं : "हे तू भर. खरं भर."

झोप : नाही. भूक : अर्धी वाटी.

वेदनेसमोर आधी २ लिहिलं. मग त्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी १० लिहिलं, सही केली, तारीख घातली.